टॉवेलाखालचा हात

निकाल सांगण्याआधी डॉक्टर शेट्येबाईंनी दोघांना पाणी दिलं, खुर्च्या जवळ ओढून बसायला लावलं, तेव्हाच उज्ज्वलाच्या लक्षात आलं की आता काहीतरी नको ते कानावर पडणार. मिरजेच्या या यकृत केंद्रात दोन वर्षं येऊन येऊन तिला डॉक्टरांची चाल पाठ झाली होती. बरी बातमी असली की त्या उभ्या उभ्याच सांगून मोकळ्या होत.

"चाचणीत सात जण होते," डॉक्टर म्हणाल्या. "सहा जण कुठे ना कुठे चुकले. एक जण एकदाही चुकला नाही."

"मीच ना?" उज्ज्वला म्हणाली. विचारायचं म्हणून विचारलं, एवढंच. नवऱ्याच्या अंगात कसर आहे की नाही हे बायकोला नाही कळायचं तर कोणाला कळणार?

"उज्ज्वलाताई, तुमचा नंबर शेवटचा आहे."

शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, बिरूनानांनी घसा खाकरला. त्यांना हसू आलं होतं की वाईट वाटलं होतं, कोण जाणे. उज्ज्वलाचे मात्र कान तापले. लग्नाला तीस वर्षं झालेली. दोन वर्षांत या माणसाच्या उशाशी तिनं किती रात्री काढल्या याचा हिशेब तिचा तिलाच नव्हता, आणि सात जणांत शेवटचा नंबर!

"आणि पहिला कोण?" नानांनी विचारलं.

डॉक्टरांनी कागदावर पाहिलं. "इलाही मुलाणी."

बिरूनाना उठले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "चल गं. नको आपल्याला तो पंप."

*

बिरूदेव मेटकरी हे आटपाडीच्या बाजारातले जुने दलाल. शेळी-मेंढीचा कळप लांबून नुसता चालताना बघितला तरी कुठलं जनावर लंगडतंय आणि कुठलं लंगडणार आहे हे सांगत. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, पण प्रत्येक सौद्यामागे एक गोड चहा आणि प्रत्येक चहामागे एक प्लेट भजी, असं तीस वर्षं चाललं. साखर वाढली, पोट वाढलं, आणि एक दिवस पायावर सूज आली. यकृतात चरबी साठून त्याला आतून वण पडत चालले होते. गावानं मात्र "नाना चोरून घेत असणार" असं ठरवून टाकलं. गावाला काय, बोलायला काहीतरी लागतंच.

शेट्येबाईंनी त्यांना आजार समजावला तो त्यांच्याच भाषेत. यकृतात काही पेशी पहाऱ्याला बसवलेल्या असतात. चरबीनं आजूबाजूच्या पेशी मरायला लागल्या की या पहारेकरी पेशी रक्तात निरोप सोडतात. हे निरोप म्हणजे बारीक बारीक प्रथिनं. शास्त्रात त्यांना सायटोकाइन म्हणतात, इंटरल्यूकिन वगैरे त्यातलीच. निरोप पोचला की शेजारच्या तारकापेशी जाग्या होतात आणि जखम बुजवायला तंतू विणायला लागतात. जखम एकदाच झाली तर हे सगळं चांगलंच. पण रोजच होत राहिली तर निरोप थांबतच नाहीत, तंतूंवर तंतू चढतात आणि मऊ यकृताचं हळूहळू निबर गाठोडं होतं.

"म्हणजे वस्तीवरचं कुत्रं," नाना म्हणाले होते. "चोर गेला तरी भुकतंय. त्याचं ऐकून बाकीची भुकत्यात."

"तेच," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "आपला पंप त्या कुत्र्याला गप्प करतो."

पंप आगपेटीएवढा. बरगडीखाली कातडीच्या आत बसायचा, रक्तातले निरोप सतत मोजायचा आणि वाढले की त्यांना पकडणारं औषध थेंबाथेंबानं सोडायचा. परदेशात आणि मुंबईत दोन-तीन वर्षांत शेकडो लोकांना बसवून झाला होता. तंतू विरायला लागतात, निबर यकृत मऊ पडतं, हे सिद्ध झालं होतं.

खोट एकच होती, पण मोठी होती. तेच निरोप खऱ्या चोराच्या वेळीही लागतात. जंतू अंगात शिरले की ताप येतो तो याच निरोपांच्या हुकमानं. रक्ताच्या तपासणीत सूज दाखवणारं प्रथिन वाढतं, तेही यकृत याच निरोपांचं ऐकून बनवतं. पंपानं निरोप दाबले की ताप येत नाही, तपासणी स्वच्छ येते, आणि माणूस आतल्या आत मरणाला टेकतो. पहिल्या वर्षात असे काही रुग्ण हसत खेळत गेले.

मग शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं की निरोपाची एक वाट पंपाला अडवता येत नाही. पोटातून थेट मेंदूकडे जाणारी एक लांब नस आहे. तिच्यातून कुणकुण वर पोचते आणि माणूस किंचित बदलतो. चाल, आवाज, हाताची पकड, कातडीचा ओलावा, काही ना काही. घड्याळं लावून पाहिली, कॅमेरे लावून पाहिले, पण प्रत्येकाचा बदल वेगळा आणि इतका बारीक की यंत्राला तो बाकीच्या गडबडीतून निवडता येईना. ओळखीच्या माणसाला तो येत होता, पण सगळ्याच ओळखीच्यांना नाही. म्हणून नियमच झाला की पंप बसवण्याआधी रुग्णाचा पारखी शोधायचा. पारख्यानं रोज एकदा रुग्णाला भेटायचं आणि फोनवर दोनातलं एक बटण दाबायचं. हिरवं म्हणजे बरा आहे, लाल म्हणजे न्या. पारखी नाही तर पंप नाही.

नानांची चाचणी चार शनिवारी झाली. पहाटे केंद्राची गाडी यायची आणि नानांना एक सुई टोचून जायची. दोनदा नुसतं मिठाचं पाणी, दोनदा निरोप किंचित जागे करणारं औषध. कधी काय ते नानांनाही ठाऊक नसायचं. दिवसभरात घरी नि बाजारात भेटणारे, केंद्रानं निवडलेले सात जण मग फोनवर नोंद करायचे. चारही शनिवारी उज्ज्वलानं लिहिलं होतं, बरं नाही.

"तुम्हाला आजारी दिवस ओळखता येतो," शेट्येबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "तुम्हाला बरा दिवस ओळखता येत नाही. तुम्ही रोजच घाबरलेल्या असता."

रोज घाबरायचं नाही तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

*

इलाही मुलाणी म्हणजे बाजारातला सगळ्यात मोठा खरीददार. तो आणि बिरूनाना एका शाळेतले, एका वयाचे, आणि चार वर्षं एकमेकांशी एक शब्दही न बोललेले. कारण एक माडग्याळ जातीचा मेंढा.

त्या बाजारात अजूनही मोठे सौदे टॉवेलाखाली होतात. बाजार समितीनं भावांचे पडदे लावले, फोनवर बोली लावायची सोय केली, पण चांगलं जनावर आलं की दोन माणसं हातात हात घालतात, वर टॉवेल टाकतात आणि बोटं धरून भाव सांगतात. कोण किती बोललं ते आजूबाजूच्याला कळत नाही. आत झालेलं कोणी तोंडानं बोलत नाही, हा पहिला नियम. आणि सौदा पुरा व्हायच्या आत टॉवेल ओढला गेला तर सौदा मोडला, मग आतलं कोणी कोणाला बांधील नाही, हा दुसरा. त्या मेंढ्याच्या वेळी सौदा पटला, टॉवेल निघाला आणि नानांनी जो भाव सांगितला तो इलाहीनं मानला नाही. मी इतकी बोटं दिलीच नव्हती, म्हणाला. टॉवेलाखाली साक्षीदार कुठून आणायचा? दोघांनी एकमेकांना खोटं ठरवलं आणि तोंड फिरवलं.

धंदा मात्र थांबला नाही. कळप नानांकडे, गिऱ्हाईक इलाहीकडे. दर शनिवारी दोघं समोरासमोर येत, दुसरीकडे बघत हात पुढे करत आणि टॉवेलाखाली सगळं ठरवून पुन्हा दोन दिशांना जात. तोंडाचं बोलणं बंद, हाताचं चालू. अख्खा बाजार त्यांना हसायचा.

उज्ज्वला नवऱ्याला न सांगता इलाहीच्या घरी गेली. अंगणात शेळ्यांना पाला टाकत तो उभा होता. तिला बघून त्यानं घाईघाईनं बाज पुढे ओढली.

"इलाहीभाई, मला एक सांगा," पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली. "तुमाला कसं कळलं?"

इलाही जरा लाजला. "वहिनी, चार वर्सं आमचं बोलणं न्हाई. हातापलीकडं मला त्याचं दुसरं काय ठावं हाय? मग हात तरी नीट वाचाय नको? बिरू बरा असला की भाव सांगायच्या आदी माझी करंगळी ओढतोय. लई वाईट खोड हाय, त्याची त्याला ठावं न्हाई. त्या दोन दिसाला करंगळी वडलीच न्हाई. तळवा ओला, आन् घाई."

उज्ज्वलाला राग आला. इलाहीचा नव्हे, करंगळीचा. तीस वर्षं तो हात तिच्याजवळ होता आणि ही खोड तिला ठाऊक नव्हती. भलत्याच माणसाच्या अंगणात बसून आपल्या नवऱ्याची ओळख करून घ्यायची वेळ आली होती.

"पारखी व्हाल का?" तिनं विचारलं. "रोज यावं लागंल."

"त्यानं तोंडानं इचारावं. मग येतो."

"ते मेले तरी विचारणार न्हाईत. म्हंजी मरतीलच." हे बोलून तिनं पाण्याचं रिकामं भांडं पुन्हा तोंडाला लावलं.

इलाहीनं हातातला पाला शेळीपुढे टाकला. "तुमी इचारलं म्हंजी झालं," तो म्हणाला. "उद्याच मिरजेला फोन लावा."

घरी नानांनी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी पोटातलं पाणी काढायला जावं लागलं आणि परत येताना गाडीत ते म्हणाले, "बशीव तो पंप. पर त्याला चा देऊ नगंस."

*

पंप बसला. पहिल्या सकाळी इलाही आला, सोप्यात बसला आणि त्यानं नानांचा हात उघड्यावर हातात घेतला. थोडा वेळ बघितलं, मग मान हलवली.

"वहिनी, असं उघड्यावर मला कळत न्हाई. ह्याला टॉवेल घ्याय सांगा."

"त्याला सांग," नाना आढ्याकडे बघत म्हणाले, "माझा टॉवेल धुवाय टाकलाय."

उज्ज्वलानं दोरीवरचा ओला टॉवेल काढून दोघांच्या हातावर टाकला. एका श्वासात काम झालं. इलाहीच्या फोनवर हिरवं बटण चिवचिवलं. चहाचा कप तिनं त्याच्यापुढे ठेवला, नानांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, आणि पुढे रोज तसंच होत राहिलं. सकाळी स्कूटर थांबायची, टॉवेल पडायचा, बटण चिवचिवायचं, चहा व्हायचा. बोलणं सगळं उज्ज्वलामार्फत. "त्याला सांगा, पाय आवरून बस," "त्याला सांग, माझं घर हाय, मी कसाबी बसंन."

आणि नाना खरोखर सुधारत गेले. पायाची सूज ओसरली. पोटातलं पाणी काढायच्या खेपा कमी झाल्या. केंद्रात यकृताचा निबरपणा मोजला तर आकडा खाली येत होता. शेट्येबाईंनी ही बातमी उभ्या उभ्या सांगितली.

उज्ज्वला मात्र तशीच राहिली. या माणसाला आता ताप येणारच नाही हे तिला समजावलं होतं, तरी ती दिवसातून दहादा त्यांच्या कपाळाला हात लावायची. जरा जेवले नाहीत की मिरजेला फोन. जरा जास्त झोपले की मिरजेला फोन. डॉक्टर दर वेळी पडद्यावर बघून शांतपणे सांगायच्या की पारख्यानं हिरवं दिलंय. मग उज्ज्वलाला स्वतःची लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फोन करायची.

*

कार्तिकात शेळ्या-मेंढ्यांची मोठी जत्रा भरते. पहिला सौदा बाजारातल्या सगळ्यात जुन्या दलालानं करायचा, असा तिथला मान. दोन जत्रा नानांनी अंथरुणात काढल्या होत्या. यंदा मान त्यांचा होता. महिनाभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

जत्रेच्या आदल्या सकाळी इलाही आला. टॉवेल पडला. उज्ज्वला चहा घेऊन बाहेर आली तरी हात आतच होते. ती कप धरून उभी राहिली. टॉवेल मध्येच हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. नाना आढ्याकडे बघत होते. इलाहीचा चेहरा लाकडासारखा झाला होता. चहावर साय धरली.

शेवटी इलाहीनं हात काढला, फोन घेतला आणि बटण दाबलं. हिरवं चिवचिवलं. तो उठला आणि चहा न घेता निघून गेला.

उज्ज्वला दलालाची बायको होती. सौदा लवकर पटला की हात लवकर सुटतात. एवढा वेळ लागला म्हणजे आत घासाघीस झाली. आणि यात घासाघीस करण्यासारखं होतं काय?

"काय चाललं हुतं मघाशी?" तिनं विचारलं.

"जत्रंचा भाव," नाना म्हणाले.

"माल अजून उतरला न्हाई आन् भाव कसला?"

"तुला काय कळतंय त्यातलं? भाकरी घाल."

तिनं भाकरी वाढली. नानांनी सगळी खाल्ली. कपाळ थंड होतं. चेहऱ्याकडे बघून तिला नेहमीसारखीच भीती वाटली, म्हणजे त्याच्यावरून काही ठरवण्यात अर्थ नव्हता. परसात जाऊन तिनं मिरजेला फोन लावला.

"पंप ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पारख्यानं हिरवं दिलंय. उज्ज्वलाताई, त्यांच्यात तुम्हाला काय बदल दिसतोय?"

"त्यांच्यात न्हाई. इलाहीभाईंच्यात."

"म्हणजे?"

टॉवेलाखाली वेळ लागला हे डॉक्टरांना फोनवर कसं सांगायचं? तिनं सांगून पाहिलं.

"हिरवं असताना मला गाडी पाठवता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्ही त्यांना घेऊन या. मी पोटातलं पाणी तपासते."

नाना येतील तर ना! "उद्या माझा पहिला सौदा हाय आन् तू मला मिरजंला नेतीस?" ते ओरडले, आणि ओरडता ओरडता मध्येच थांबून भिंतीला टेकले. टेकले ते दमले म्हणून, की रागानं, ते तिला ओळखता आलं नाही. असल्या वेळी आपल्याला काहीच ओळखता येत नाही, याचं तिला रडू आलं. इलाहीच्या फोनवर तिनं चार खेपा घंटी वाजवली. त्यानं उचलला नाही.

*

सकाळी मैदान माणसांनी आणि जनावरांनी भरलं होतं. कडेला शेळ्या धरून बसलेल्या बायका पुष्कळ होत्या, पण सौद्याच्या रिंगणात बाई जात नाही. नाना पांढरे कपडे घालून मध्ये उभे होते. समोर इलाही. बाजूला एक उमदा मेंढा. पंचांनी टॉवेल टाकला, माणसं ओरडायची थांबली.

उज्ज्वला कडेला उभी राहून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि मग तिनं ते बघणं सोडून दिलं. त्या तोंडानं तिला दोन वर्षं फसवलं होतं. ती गर्दीतून वाट काढत रिंगणात शिरली, सरळ दोघांच्या मध्ये गेली आणि तिनं आपला हात टॉवेलाखाली घातला.

कडेच्या बायकाही उठून उभ्या राहिल्या.

"उज्जे! हात काढ!" नाना म्हणाले.

तिनं काढला नाही. आत नवऱ्याचा हात तिला लगेच सापडला. तळवा घामानं निथळत होता. तिनं आपली करंगळी त्यांच्या बोटांत दिली आणि वाट बघितली. ती कोणी ओढली नाही.

"इलाहीभाई," ती म्हणाली, "काल ह्यांनी तुमाला काय भाव दिला?"

"वहिनी, टॉवेलाखालचं म्या बोलू शकत न्हाई," इलाही खाली बघत म्हणाला. त्याचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता.

"मग तोंडानं नगा बोलू."

आत इलाहीच्या हातानं तिची दोन बोटं घट्ट धरली आणि सोडली. दोन दिवस. नानांनी त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले होते. जत्रा होऊ दे, मग लाल दाब. आणि या शहाण्यानं सौदा पटवला होता, आणि सौदा पटला म्हणून शब्द पाळत बसला होता. जनावराच्या भावाला लावायचा नियम त्यानं माणसाच्या जिवाला लावला होता. उज्ज्वलाला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

तिनं थोबाडीत दिली नाही. टॉवेल धरला आणि सगळ्यांदेखत ओढून काढला.

"सौदा मोडला," ती मोठ्यानं म्हणाली. "आजचाबी आन् कालचाबी, त्याचं दोन दिस अजून सरलं न्हाईत. आता कोण कुणाला बांधील न्हाई."

इलाहीनं श्वास सोडला. खिशातून फोन काढला आणि लाल बटण दाबलं. ते चिवचिवत नाही, कर्कश वाजतं. अख्ख्या मैदानानं ऐकलं.

"माझा मान घालवलास," नाना तिला म्हणाले. मग खाली बसले, आणि गाडी येईपर्यंत त्यांनी दोनदा विचारलं की आज वार कुठला.

*

पोटातलं पाणी गढूळ निघालं. त्यात जंतू होते. रक्ताची तपासणी स्वच्छ, ताप शून्य, आणि आत सगळं सडायला लागलेलं. "उद्यापर्यंत थांबला असता तर मला काही करता आलं नसतं," शेट्येबाई म्हणाल्या. सलाइनमधून औषधं सुरू केली आणि अंगाला स्वतःचं काम करू द्यायचं म्हणून पंप चार दिवस मंद केला. दुसऱ्या रात्री नानांना ताप भरला. उज्ज्वलानं कपाळाला हात लावला, चटका बसला, आणि तिला इतका आनंद झाला की तिनं झोपलेल्या नर्सला उठवून सांगितलं.

इलाही तीन दिवस दाराबाहेरच्या बाकावर बसून होता. नाना शुद्धीवर आले, त्यांनी दाराकडे बघितलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याला उद्देशून तोंड उघडलं.

"चार बोटं दिली हुतीस तू. त्या मेंढ्याला."

"तीन," इलाही म्हणाला.

"चार."

"बरं वाटाय लागलंय ह्याला," इलाही उज्ज्वलाला म्हणाला, आणि डोळे पुसत बाहेर गेला.

इलाहीकडून पारखीपण काढून घ्यावं की काय, यावर केंद्रात बरीच चर्चा झाली. त्याचा हात चुकला नव्हता, त्याचा शब्द आडवा आला होता. शेवटी डॉक्टरांनी ठरवलं की यापुढे पारखी दोन असतील आणि दोघांनी एकमेकांना न विचारता बटण दाबायचं. दुसरा पारखी उज्ज्वला.

"मी तर नापास झालेली," ती म्हणाली.

"रिंगणात तुम्ही पास झालात. आता उरलेलं अर्धं शिका. रोज लाल दाबलंत तर तुमच्या लालला काही किंमत राहणार नाही. मला तुमचं हिरवं हवंय."

लाल दाबायला धीर लागतो असं लोकांना वाटतं. उज्ज्वलाला हिरव्याचा धीर होईना. पहिले आठ दिवस ती रोज लाल दाबायची, इलाही हिरवं, आणि मिरजेहून फोन यायचा. हात धरून बघितला, करंगळी ओढली जायची, तळवा कोरडा असायचा, तरी बोट हिरव्यापर्यंत जाऊन मागे यायचं. आपण बरं म्हणायचं आणि उद्या काही झालं तर? आजारी म्हणून चुकलेलं चालतं, बरं म्हणून चुकलं तर माणूस जातो. हेच ती दोन वर्षं मनाशी म्हणत आली होती.

मग एका सकाळी नानांनी चहाचा घोट घेतला आणि कप आदळला.

"ह्यो चा हाय का भांडी धुतल्यालं पाणी? साखर न्हाई, दूध न्हाई. तुझ्या म्हायारची रीतच असली. लग्नात माझ्या मामाला असलाच चा दिला हुता तुझ्या बापानं."

"माझ्या बापाचं नाव घ्यायचं काम न्हाई," उज्ज्वला चुलीपासून वळून म्हणाली. "तुमच्या मामानं सात कप पिला हुता त्यो चा! आन् वर पायजमा विसरून गेला हुता, त्यो कुणी धाडला? माझ्या बापानं. आन् तुमी..."

ती थांबली. कंबरेवर हात, तोंडाला चढलेली धार, आणि मनात कणभरही भीती नाही. आजारी माणसाशी कोणी असं भांडत नाही. दोन वर्षांत तिनं या माणसाला एकदाही उलटून उत्तर दिलं नव्हतं.

"आन् मी काय?" नाना गुरगुरले. "बोल की."

उज्ज्वलानं फळीवरचा फोन घेतला, हिरवं दाबलं, आणि फोन परत ठेवून राहिलेलं भांडण पुढे सुरू केलं.